आयडीचं दावं

आमच्या कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, एक लाकडी खुंटी होती आणि तिला नुसती दावी लटकलेली असायची. जनावरं कधीच गेलेली, दावी शिल्लक. नवा माणूस घरी आला की हमखास विचारायचा, "काकाजी, एवढी दावी कायले जमा केली?" बाबा म्हणायचे, "जनावर इकाव, दावं इकू नाई." घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं, त्यात जनावर बांधून न्यायचं, आणि जुनं सोडून मालकाच्या हातात द्यायचं, ही आमच्याकडची रीत. दावं गेलं की घरातली बरकत त्याच्यामागं चालत जाते म्हणतात. मला हे सगळं थोतांड वाटायचं. वाशिमला कॉलेजात जायला लागल्यावर तर जास्तच.

बाबा बैलबाजारात दलाल होते. दलाल म्हटलं की लोकांच्या कपाळावर आठी पडते, पडू द्या. माझा बाप घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा, दोघांचाही माणूस होता. बैलाचे दात पाहायचा, खुर पाहायचा, चाकं बांधलेल्या गाडीला जुंपून ओढवून पाहायचा, आणि मग दुपट्ट्याखाली दोघांची बोटं धरून भाव तोडायचा. पण त्याची खरी कमाई वेगळी होती. "माह्या बोलीवर गेलेलं जनावर कोणी माह्या दारात वापस आणलं नाई," असं तो सांगायचा, आणि ते खरं होतं. बाकी आमच्या घरात मिरवण्यासारखं काही नव्हतं.

मग गावोगावी ट्रॅक्टर झाले. बैल कमी झाले, बाजार आटला, आणि टाळेबंदीच्या काळात तर बाजार भरायचाच बंद झाला. बाबा ओट्यावर बसून राहायचे. समोरच्या रेल्वे स्टेशनात गाडी थांबली की मान वर करून बघायचे, गेली की खाली घालायचे. माणूस रिकामा बसला की कसा दिसतो ते मी तेव्हा पाहिलं. मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही.

त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मी मोबाईल घेऊन बसलेली. विमानातून उड्या मारायच्या, घरं धुंडाळून बंदुका गोळा करायच्या आणि शेवटी जो उरेल तो जिंकला, अशी ती गेम. बारावीच्या सुट्टीत मी माझी आयडी, म्हणजे गेममधलं खातं, उघडली होती. कॉलेजातल्या आम्हा चार मैत्रिणींची टोळी होती त्यात, आमचा एक झेंडा होता, आणि गेममधल्या माझ्या बाईच्या अंगात एक पिवळं जाकीट होतं, जे एका सणाला मिळालं होतं आणि पुन्हा कधीच कोणाला मिळालं नाही. कॉलेज बंद पडलं तेव्हा एकीचं लग्न होऊन ती यवतमाळकडे गेली, एक पुण्याला बहिणीकडे अडकली. आम्ही भेटायचो ते त्या गेममध्येच. कानात हेडफोन घालून चौघी एका झाडामागे लपायचो आणि शत्रू सोडून सासूच्या गोष्टी करत बसायचो. त्यात मेलो तरी हसत मरायचो.

आईला ते पटायचं नाही. "पोरगी तथी बंदूक चालवून राह्यली अन् अथी भाकर करपून राह्यली," ती चुलीवरून ओरडायची. मीही गप्प बसणारी नव्हते. "करपू दे वं माय, कुत्र्याले घाल." मग आमची जुंपायची आणि बाबा मिशीत हसायचे.

एक दिवस स्टेशनाकडची दोन पोरं आमच्या ओट्यासमोर भांडत उभी राहिली. एकाला आपली आयडी विकायची होती, दुसऱ्याला घ्यायची होती. भारी आयडी होती, तिच्यात बंदुका होत्या, कपडे होते, वरचा दर्जा होता. नव्यानं खेळून तिथं पोचायला वर्ष घालवावं लागलं असतं. अडलं कुठं, तर पहिले कोणी काय द्यायचं यावर. हा म्हणे पहिले पैसे दे मग पासवर्ड देतो, तो म्हणे पहिले पासवर्ड दे मग पैसे देतो. दोघंही खरे आणि दोघांचाही एकमेकांवर काडीचा भरवसा नाही.

बाबांनी मान वर केली. "काय इकून राह्यले बे?"

"काकाजी, तुमाले नाई समजाचं."

हे ऐकून मलाच राग आला. मी म्हणाले, "सांगून तर पाह्य, समजते का नाई ते मंग पाहू." पोरांनी सांगितलं. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "म्हंजे जनावर कोणाच्या खुंट्याले बांधाचं अन् पैसे कोणाच्या हाती ठेवाचे, येवढीच अडचण हाय ना?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बाबा उठले, आत गेले आणि खांद्यावर दुपट्टा टाकून बाहेर आले. किती दिवसांनी त्यांच्या खांद्यावर तो दुपट्टा मी पाहिला! मला एकदम भरून आलं, आणि हसूही आलं.

असा आमच्या ओट्यावर बाजार भरायला लागला. पैसे बाबांच्या हाती, पासवर्ड माझ्या हाती. दात पाहायचं काम माझं. आयडी माझ्या मोबाईलवर उघडायची, तिच्यात सांगितलेला माल आहे की नाही बघायचा, एक डाव खेळायचा. बाबा शेजारी बसून विचारायचे, "खोड तं नाई ना काही?" खोड म्हणजे चोरटं सॉफ्टवेअर वापरून खेळलेली आयडी. अशी आयडी कंपनीच्या ध्यानात आली की कायमची बंद होते, घेणारा बोंबलत राहतो. मी नीट तपासायची. मग दुपट्ट्याखाली हात जायचे. पोरांना बोटांची भाषा कुठली यायला? बाबांनी शिकवली. पुढं पुढं तर पोरं भाव तोडायला म्हणून कमी आणि दुपट्ट्याखाली हात घालायला म्हणून जास्त यायची. सौदा झाला की आई सगळ्यांना चहा करायची आणि वरून बडबडायची, "न दिसणारं जनावर इकून राह्यले बाप्पा, येडे झाले सारे."

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. बाबा सकाळी दाढी करायला लागले होते. रस्त्यानं जाणारा पोरगा थांबून म्हणायचा, "काकाजी, एक आयडी हाय, पाहता का?" आणि बाबा बैलाबद्दल विचारावं तसं विचारायचे, "मारकी तं नाई ना?"

मी त्यांना एकदा स्पष्ट सांगितलं होतं की हा धंदा कंपनीला मंजूर नाही. आयडी ज्याची त्यानंच वापरायची, विकायची नाही, असा नियम आहे. कंपनीला कळलं तर बंद करून टाकेल आणि आपण कोणाकडे दाद मागायची?

"म्हंजे बिनपावतीचा बाजार," बाबा म्हणाले. "मंग तं माणूस पाहूनच सौदा कराव लागन."

आणि दुसरं भांडण झालं ते नंबरावरून. आयडी एका ई-मेलला बांधलेली असते आणि ई-मेल एका मोबाईल नंबरला. ज्याच्याजवळ नंबर, तो कधीही मेसेज मागवून पासवर्ड बदलू शकतो आणि आयडी परत ओढून घेऊ शकतो. म्हणून सौदा झाला की विकणाऱ्याचा नंबर काढून घेणाऱ्याचा टाकायचा. मी हे बाबांना दाव्याचं उदाहरण देऊन समजावलं, आणि तिथंच माती खाल्ली. बाबांचा चेहरा कठोर झाला.

"दावं मालकाचंच राह्यते."

"बाबा, हे थे दावं नव्हे. यानं जनावर वापस ओढता येते!"

"दावं तं बैलाचंबी मालकाजवळच राह्यते. कोणता मालक रातच्याले येऊन बैल सोडून नेते? ज्यानं इकलं त्याच्या घरची बरकत काढून घ्याची का आपण? आपल्या ओट्यावर थे नाई होणार."

मी डोकं आपटलं. पण खरं सांगते, तेव्हा त्यांचं चुकतही नव्हतं. सगळे सौदे गावातल्या गावात. विकणाऱ्याला रोज त्याच रस्त्यानं जायचं, त्याच टपरीवर चहा प्यायचा. कोण कशाला दावं ओढेल? कोणी ओढलंही नाही. मग मीही बोलायचं सोडलं.

आमच्या गावात छोटा हत्ती, म्हणजे मालाचा टेम्पो, चालवणारा एक पोरगा होता. पहाटे भाजी भरून वाशिमला न्यायचा आणि दुपारी गाडीच्या सावलीत खेळत बसायचा. त्याच्या वडिलांनी त्यांची पहिली बैलजोडी बाबांच्या बोलीवर घेतली होती, ते आता नव्हते. पोराला एका मोठ्या टोळीत खेळायला बोलावलं होतं, पण त्याची आयडी अगदीच कच्ची. तो बाबांना म्हणाला, "मले दुसऱ्याची गॅरंटी नाई पाहिजे काकाजी. माह्या बापानं तुमच्या बोलीवर बैल घेतले होते, मीबी तुमच्याच बोलीवर घेतो."

आयडी विकणारा केनवड गावचा निघाला. चांगल्या बागायतदाराच्या घरचा, चकचकीत गाडीवर आला, चहा पिताना आईला "काकू, लय मस्त झाला" म्हणाला. आयडी खरंच देखणी होती, मी खेळून पाहिली, खोड नाही, सगळा माल जागेवर. मी बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "हा गावचा नाई, याचा नंबर बदलू." बाबा म्हणाले, "खानदानी पोरगा हाय." दुपट्ट्याखाली सौदा झाला. पोरगा पैसे घेऊन गेला, आणि दावं त्याचं त्याच्याजवळ.

पुढं काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. हत्तीवाल्यानं आयडी जेमतेम वापरली आणि एका दुपारी उघडेचना. पासवर्ड चुकीचा. मी माझ्या मोबाईलवरून शोधली तर आयडी चालू होती, खेळत होती, फक्त दुसऱ्याच्या हातात होती. केनवडवाल्यानं दावं ओढलं होतं. आणखी कोणाला विकायला मोकळा.

हत्तीवाला ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओट्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, "काकाजी, आयडी गेली." बस, एवढंच. बाबांनी स्वतःचे पैसे पुढं केले तर तो मागं सरकला. "पैसे त्यानं खाल्ले, तुमच्या हातून कसे घेऊ? राहू द्या." आणि निघून गेला. पण टपरीवर बोलणं पोचायला कितीसा वेळ लागतो? "दलालाचं जनावर खुंट्यावरून पळालं," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. आलुबोंडे आणायला गेले होते तेव्हा माझ्याच कानावर आलं. मी तिथं उभी राहून त्यांच्या सात पिढ्या काढल्या. पण घरी येऊन पाहिलं तर बाबांनाही कळलं होतं. ताट समोर होतं आणि ते जेवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मालेगावला गाडी बदलून केनवडला गेलो. मी वाटभर घोकत होते काय काय बोलायचं ते. बंगला मोठा होता. पोरगा बाहेर आला, बाबांना ओळखलं आणि हसला.

"काकाजी, हा काय बैल हाये का, दावणीले बांधून ठेवाले? माह्या नंबरवर हाय म्हंजे माहीच हाय. कंपनीले सांगा, नाई तं पोलिसाले सांगा. काय सांगसान? बंदी असलेली वस्तू इकत घेतली म्हून?"

मी तोंड उघडलं तसा बाबांनी हात धरला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "बाबू, तुह्या घरी बैल हायेत का?"

"होते. इकले."

"दावी ठेवली का?"

त्याला प्रश्नच कळला नाही. बाबा वळले. आम्ही चौकात येऊन बसची वाट बघत उभे राहिलो. मी रडत होते, रागानं. "चोराच्या उलट्या बोंबा! सांगतलं होतं मी तुमाले, नंबर बदला म्हून सांगतलं होतं." बाबा म्हणाले, "हव, सांगतलं होतं तू." ते इतक्या सरळपणे कबूल करतील असं वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर ते कोठ्यात गेले आणि रिकाम्या दावणीपाशी उभे राहिले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "बाजारात जनावर खोटं निघालं का दलाल काय करते, माईत हाय? आपल्या कोठ्यातलं सोडून त्याच्या खुंट्याले नेऊन बांधते. मंगच त्याचं तोंड राह्यते." चहाचा कप त्यांनी घेतला नाही. "माह्या कोठ्यात तं काहीच नाई आता."

ते माझ्याकडे बघत नव्हते. मागत तर मुळीच नव्हते. पण घरात दुसरी आयडी कोणती होती? मी चहाचा कप तिथंच दाणकन ठेवला. "नाई देणार," म्हणाले. "माही हाय थे. माह्या मैत्रिणी हायेत त्याच्यात. तुमची चूक, अन् मी काहून भोगू?" बाबा म्हणाले, "नको देऊ. खरंच नको देऊ बाई." त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. मी ओट्यावर जाऊन बसले. रस्त्यानं टपरीवरचा एक जण गेला आणि आमच्या घराकडे बघून हसला. फक्त हसला. बाबा दारात होते, त्यांनी ते पाहिलं आणि मान खाली घालून आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा माझा बाप आमच्याच दारातून कोणामुळं तरी आत गेला.

मी उठले आणि हत्तीवाल्याला बोलावणं धाडलं.

तो आला, त्याला कळलं, आणि तो हात जोडायला लागला. "नाई ताई, तुमची नको. लोकं काय म्हनतीन."

"घे चुपचाप," मी म्हणाले. "जास्त बोलशीन तं गाडीची हवा सोडीन. घे म्हणतो ना!" मला रडू येत होतं आणि तोंडातून शिव्याच निघत होत्या. मैत्रिणींना मी आधीच फोन केले होते. यवतमाळची म्हणाली, "तू येडी हायेस का?" आणि मग तीही रडली.

बाबा दुपट्टा घेऊन बाहेर आले. भाव तोडायचा नव्हता, तरी त्यांनी दुपट्ट्याखाली त्याचा हात धरला आणि बोटं मिटवून मूठ बंद केली. म्हणजे काही नाही, सौदा पूर्ण. मी पासवर्ड दिला. पोरगा उठायला लागला तसे बाबा म्हणाले, "थांब." मग माझ्याकडे वळले.

"नंबर बदल. दावंबी दे त्याले."

मी बघतच राहिले. ज्या माणसानं जन्मभर एक दावं विकलं नाही, तो सांगत होता. मी माझा नंबर काढला आणि पोराचा टाकला. त्याच्या मोबाईलवर मेसेज आला, त्यानं आकडा वाचून दाखवला, मी तो दाबला. पिवळं जाकीट घातलेली माझी बाई पडद्यावर उभी होती. मग पडदा गेला.

त्या दिवसापासून ओट्यावरचा बाजार बंद. बैल गेला अन् झोपा केला, आई म्हणाली, पण हळूच. टपरीवर पुन्हा कोणी हसलं नाही. बाबा पूर्वीसारखे चहाला जायला लागले. मी मात्र बरेच दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. एका संध्याकाळी ते आपला बटनांचा फोन घेऊन माझ्याजवळ बसले.

"नवी उघड. माह्या नंबरले बांध. मी काही ओढत नाई."

मी इतकी हसले की आई बाहेर आली. बाबांच्या नंबरवर मी नवी आयडी उघडली. मेसेज त्यांच्या फोनवर यायचा, त्यांना इंग्रजी आकडे नीट दिसायचे नाहीत, मग ते फोन डोळ्यांपासून लांब धरून एकेक आकडा मोठ्यानं वाचायचे. लॉगिन करायचं असलं की ते शेतात असले तरी मला त्यांना हाक मारावी लागायची.

बाबा विकलेला बैल बघायला जायचे तेव्हा धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, उभे राहायचे, जवळ जायचे नाहीत. बैल वास ओळखतो आणि जुन्या मालकाकडे ओढ घेतो म्हणायचे. मीही माझी जुनी आयडी अशीच अधूनमधून शोधते. नावाशेजारी हिरवा ठिपका असतो, म्हणजे खेळ चालू असतो, पिवळं जाकीट अजून अंगात आहे. पोरगा चांगला खेळतो. मी मेसेज करत नाही.

बाबा आता नाहीत. कोठा पाडून खोली बांधली, तेव्हा खुंटीवरची दावी आईनं एका पोत्यात बांधून माळ्यावर ठेवली. माझं लग्न झालं, नोकरी लागली, खेळायला वेळ मिळत नाही. ती नवी आयडी मी महिनोन् महिने उघडत नाही. नवरा म्हणतो, "तो नंबर बंद करून टाक ना, तुझा टाक, दोन मिनिटांचं काम. उगाच रिचार्ज मारत बसतेस." त्याचं बरोबर आहे. बाबांचा बटनांचा फोन माझ्या कपाटात आहे, मी तो चार्ज करते आणि रिचार्ज मारते. कधी लॉगिन केलं की तो कपाटात वाजतो, आणि मी फोन डोळ्यांपासून लांब धरून एकेक आकडा मोठ्यानं वाचते.

नंबर मी बदलणार नाही. दावं मालकाजवळच राहतं.